मशीन शेठचं, माणसं मिस्त्रीची

लग्न होऊन मी परभणीला आले तेव्हा आमचे हे जिनात मिस्त्री होते. स्टेशनाच्या पलीकडं कापसाचा जिन होता आणि त्याच्या भिंतीला लागून कामगारांची पत्र्याची घरं. त्या गल्लीत बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत होती. मी ताडकळसवाली. माझ्या शेजारच्या दारात पिंगळीवाली राहायची. तिचं खरं नाव मला पुष्कळ दिवस ठाऊकच नव्हतं. ते मी पहिल्यांदा ऐकलं ते अदालतीत, पुकारा झाला तेव्हा. इथं ते लिहीत नाही.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं लांब कुठंतरी मोठी लढाई चालली होती. लढाईचं आम्हाला एवढंच कळायचं की रुईला फार मागणी आहे. दसरा झाला की भोंगा सुरू व्हायचा, तो उन्हाळा तापेपर्यंत. जिंतूरकडच्या, ताडकळसकडच्या कापसाच्या गाड्या फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत उभ्या राहायच्या. कधी माझ्या गावची गाडी आली तर गाडीवान आईचा निरोप सांगायचा, तेवढंच माहेर.

आम्ही बायका चरखीवर बसायचो. कापूस हातानं लावत राहायचा. रुई पुढं जायची, सरकी खाली पडायची. आत सगळीकडं कापसाची धूळ. नाकातोंडाला पदर बांधला तरी घरी आल्यावर खोकला यायचा. चरख्यांच्या दोन रांगांमध्ये जमिनीत एक खोल चर होता, त्याला आम्ही नाली म्हणायचो. नालीतून लोखंडी शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरच्या पट्ट्यांनी सगळ्या चरख्या चालायच्या. शाफ्टवर लोखंडी जाळी असायची. सरकी सांडून सांडून नाली तुंबायची, ती ओढून काढावी लागायची. त्यासाठी इंजिन थांबवायचं, जाळी उचलायची, नाली साफ करायची, जाळी बसवायची, मग पुन्हा इंजिन. हे काम आमच्या ह्यांच्या देखरेखीखाली चालायचं आणि ह्यांनी त्यात कधी हयगय केली नाही.

पिंगळीवाली माझ्या शेजारच्या चरखीवर बसायची. माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिचा नवरा मालधक्क्यावर हमाल होता. तिला मूल नव्हतं आणि त्यावरून घरात बोलणी खायची, पण कामावर आली की तिच्या तोंडाला खळ नसायची. इंजिनाच्या आवाजात दुसऱ्या कुणाचं ऐकू यायचं नाही, तिचं यायचं.

एका वर्षी हंगामाच्या आधी बातमी आली की दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या, रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसमध्ये एक माणूस दबून मेला आणि मालकाला त्याच्या बायकोला भरपाई द्यावी लागली. कामावर माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर मालकानं भरून द्यायचं, असा कायदा सरकारनं केला होता म्हणे. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. शेठला होता. दसऱ्याच्या सुमाराला शेठचे वकीलसाहेब जिन बघायला आले. काळी शेरवानी, हातात छडी. मी आणि पिंगळीवाली तेव्हा अंगणात जुनी पोती झाडत होतो. वकीलसाहेब आत गेले आणि लगेच बाहेर आले. इंजिन कुठंय, शाफ्ट कसा फिरतो, जाळ्या धड आहेत का, काही बघितलं नाही. शेठच्या बैठकीत मात्र ते दुपारभर बसले.

पिंगळीवाली म्हणाली, "हा जिन बघाय आला का जेवाय आला?"

दोन-तीन दिवसांनी शेठनं ह्यांना बैठकीत बोलावलं. घरी आले ते डोक्याला नवा फेटा, हातात नारळ. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर त्याच जिनात रुईचे बोरे शिवले होते. त्यांना बैठकीच्या पायरीवर कुणी बसू दिलं नव्हतं. ह्यांना शेठनं गादीवर बसवलं होतं.

"मला गुत्तेदार केलंय," हे म्हणाले. "हितून पुढं चरखीच्या साऱ्या बाया माझ्याकडं. हजेरी मी घ्यायची, पगार माझ्या हातानं. शेठ मला एकगठ्ठा देणार."

"आन् मिस्त्रीचं काम?"

"ते बी मीच. ते कुठं जातंय."

त्यांनी इकरारनामा, म्हणजे कराराचा कागद, बरोबर आणला होता. ह्यांचं उर्दू शाळेत चार बुकं शिक्षण झालेलं. दारात उजेडाला बसून त्यांनी तो मला वाचून दाखवला आणि एकेका ओळीचा मराठीत अर्थ सांगितला. त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. बायका कामाला लावायच्या गुत्तेदारानं, काढायच्या गुत्तेदारानं. काम करताना त्यांच्या जिवाला काही झालं तर त्याचा जिम्मेदार गुत्तेदार. शेठचा त्या कामगारांशी काही संबंध नाही.

"जिम्मेदार," हे पुन्हा म्हणाले. "शेठ म्हनला, मिस्त्री, तुझ्याएवढा जिम्मेदार मानूस माझ्याकडं दुसरा न्हाई."

मी तो शब्द ऐकला आणि मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. मी नारळ देवाला फोडला आणि गल्लीत खोबरं वाटलं. पिंगळीवालीनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आता तू शेठानी झालीस माय. उद्यापून आमाला चरखीवर जरा उशिरा येऊ दे."

त्या हंगामात कापूस फार आला. गाड्या रात्र रात्र उभ्या, गाडीवान फाटकाशी आरडाओरडा करायचे. मॅनेजर म्हणून शेठनं बाहेरगावचा एक माणूस आणला होता. घड्याळ काढून बघायची त्याला सवय. नाली साफ करायला इंजिन थांबलं की तो येऊन उभा राहायचा. एक दिवस त्यानं हमालांना सांगून जाळ्याच काढून टाकल्या. जाळी नसली की इंजिन चालू ठेवूनच काठीनं, हातानं सरकी ओढता येते, तेवढा वेळ वाचतो, हा त्याचा हिशेब.

हे प्रेसकडून आले आणि बघतात तर शाफ्ट उघडा. त्यांनी त्याच वेळी इंजिन थांबवलं, जाळ्या बसवल्या. मॅनेजरनं काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी जाळ्या पुन्हा निघाल्या. ह्यांनी पुन्हा बसवल्या. मग मात्र मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री, मशीन कुणाचं?"

"शेठचं."

"मग मशीनला हात लावायचा तर शेठला विचारून लावायचा. माणसं तुमची आहेत, माणसं सांभाळा."

हे शेठकडं गेले. शेठ म्हणाला, "गर्दी ओसरू दे, मग बसवू. तोवर बायांना सांग जरा जपून." ह्यांनी एकेका चरखीपाशी येऊन बायकांना सांगितलं, पदर आवळून खोचा, नालीत हात घालू नका, काठीनंच ओढा. मलाही सांगितलं, इतरांना सांगितलं तसंच.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळची वेळ, ऊन नुकतं खिडकीतून रुईवर पडलं होतं. नाली तुंबली आणि आतला शाफ्ट घासून जळका वास यायला लागला. पिंगळीवाली उठली, काठी घेतली आणि नालीवर वाकली. काठीनं सरकी निघेना म्हणून आणखी वाकली. तिचा कमरेचा पदर सुटला आणि शाफ्टनं तो धरला. तिनं पदर सोडवायला हात पुढं केला.

पुढचं मी पाहिलं, पण ते सगळं लिहिता येत नाही. आवाज तिचा आला नाही, लाकूड मोडल्यासारखा आला. हे इंजिनाकडून धावत आले आणि त्यांनी बांबू घालून पट्टा उतरवला. शाफ्ट थांबेपर्यंत तिचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत आत गेला होता. ह्यांनी लुगडं कापलं, तिला उचललं आणि कापसाच्याच एका रिकाम्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत ती शुद्धीवर होती. माझी भाकर ताडकळसवालीजवळ हाय, एवढंच ती दोनदा म्हणाली, असं ह्यांनी मला नंतर सांगितलं. डॉक्टरनं त्याच दिवशी हात काढला.

आम्हा बायकांना मॅनेजरनं अंगणात बसवून ठेवलं. थोड्या वेळानं तिची भाकरीची फडकी आणायला मी आत गेले. दोन हमाल नालीवर जाळ्या बसवत होते. एक जण पाना फिरवत होता, दुसरा फरशीवर पाणी ओतत होता. मॅनेजर तिथंच उभा होता. मला बघून तो म्हणाला, "बाई, बाहेर बसा." मी फडकी घेतली आणि बाहेर आले. पोलिसांचा अमीन आला तेव्हा फरशी वाळत होती आणि जाळ्या जागेवर होत्या. पंचनाम्यात जाळ्या असल्याचं लिहिलं गेलं.

शेठ तोंडानं वाईट माणूस नव्हता. पहिले काही दिवस त्यानं दवाखान्यात तिच्यासाठी दूध पाठवलं. मग एकदम दूध बंद झालं. दूध नेणारा गडी आमच्या ओळखीचा होता, त्यानं सांगितलं, "वकीलसायबानं मना केलंय. म्हनले, दूध देलं की ती तुमची कामगार ठरती." त्यानंतर घरून दूध मी न्यायची.

पिंगळीवालीचा नवरा भरपाई मागायला शेठच्या बैठकीत गेला. शेठनं त्याला चहा दिला, हळहळला आणि म्हणाला, "बाबा, ती बाई माझ्या कामावर न्हवती. गुत्तेदाराच्या कामावर होती. त्याला इचार." तो माणूस तिथून निघाला तो थेट आमच्या दारात आला. दार म्हणजे त्याच्या दारापासून हात लांबवला तर लागेल इतकं जवळ. आजपर्यंत ते दोघं एका चिलमीवर बसत आले होते.

"मिस्त्री, मी कुनाला मागू?" तो म्हणाला.

ह्यांनी त्याला बसायला घोंगडं टाकलं, पण तो बसला नाही.

गावात एक तरुण वकील होता, गरिबांच्या केशी घ्यायचा. त्यानं शेठ आणि गुत्तेदार दोघांवर दावा लावला. नोटीस आमच्या घरी आली तेव्हा ह्यांनी ती वाचली आणि परत वाचली. शेठबरोबर आपलं नाव एका ओळीत आहे, याचा त्यांना काही अर्थच लागेना.

मग एका शुक्रवारी, कचेऱ्यांना सुट्टी होती, शेठचे वकीलसाहेब स्वतः आमच्या घरी आले. पत्र्याच्या घरात असा माणूस येतोय म्हणून गल्ली गोळा झाली. त्यांनी आमच्या बाजेवर बसून फार गोड बोलणं केलं.

"मिस्त्री, घाबरू नका. यात तुमचं आणि शेठचं हित एकच आहे. जाळी होती, हे पंचनाम्यात आहे. तुम्हीही तेच सांगा. बाई बेफिकीर होती, जाळी उचलून तिनं हात घातला. मग तुम्हीही सुटता, शेठही सुटतात. पुढच्या साली गुत्ता तुमचाच."

"आन् तिचं काय?" मी दारामागून विचारलं.

वकीलसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ह्यांनाच म्हणाले, "तुमच्या घरच्यांना अदालतीत बोलावतील. ह्या तिच्या शेजारी बसत होत्या. तेव्हा घरात एकच बोलणं ठरवून घ्या. घरच्यांनी जाळी नव्हती म्हटलं तर तो ठपका शेठवर नाही येणार. कामगारांचे जिम्मेदार तुम्ही आहात."

ते गेले. मला तोपर्यंत कळलं नव्हतं ते त्या वेळी कळलं. माझं खरं बोलणं शेठपर्यंत पोचणारच नव्हतं. ते वाटेत माझ्याच घरावर पडणार होतं. त्यासाठीच फेटा होता.

"काय सांगनार हायस?" ह्यांनी विचारलं.

"तुमी सांगा काय सांगू."

"मी तुला लबाड बोल म्हनत न्हाई," ते म्हणाले. "पर खरं बोललीस तर आपुन बुडालो, येवढं ध्यानात घे."

इतर बायकांना मॅनेजरनं एकेक करून बोलावून घेतलं होतं. बाहेर आल्यावर त्या म्हणायच्या, आमाला काय दिसलं न्हाई, आमची पाठ होती. मी त्यांना दोष देत नाही. हंगाम अजून बाकी होता आणि चरखीवर बसायला गावात शंभर जणी तयार होत्या.

पिंगळीवाली दवाखान्यातून घरी आली होती. डाव्या हातानं तिला भाकरी थापता येईना, नवरा घरात जेवायचा बंद झाला होता. मी रोज सकाळी तिची वेणी घालायला जायची. एका हातानं अंबाडा होत नाही, आणि मोकळ्या केसांनी दारात बसायचं तिला फार वाईट वाटायचं. तारखेच्या आदल्या दिवशीही गेले. ती माझ्याकडं पाठ करून बसली होती.

"मला समदं कळलंय," ती म्हणाली. "नवऱ्यानं सांगितलं. तू बोललीस तर तुझ्याच घरावर येतंय."

"व्हय."

"मंग नको बोलू म्हनावं असं लय वाटतंय मला. काल धरून म्हनायचं ठरवायले. पर तोंडातून निघंना बाई. मला बी जगायचंय ना. खायाचं काय मी?"

मी कंगवा चालवत राहिले. तिच्या मानेवर, जिथं ओढलेला पदर आवळला होता, तिथं अजून काळं होतं. ती रडली असती तर मला कदाचित सोपं गेलं असतं. ती रडली नाही.

अदालतीत सगळं उर्दूत चालायचं. मला विचारलेलं पेशकार, म्हणजे तिथला कारकून, मराठीत सांगायचा, माझं बोलणं उर्दूत करायचा. माझ्यासारखी बाई अशा ठिकाणी कधी उभी राहिली नव्हती. मी कठड्याला टेकून उभी राहिले. जाळी होती का, असं विचारलं. मी म्हटलं, नव्हती. मॅनेजरनं काढायला लावली, आमच्या ह्यांनी दोनदा बसवली, त्यानं परत काढली. अपघात झाल्यावर हमालांना जाळी बसवताना मी डोळ्यांनी पाहिलं.

वकीलसाहेब उठले. त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या.

"गुत्तेदार तुमचे कोण?"

"मालक. नवरा."

"म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या कामावरच्या बाईला तुमच्या नवऱ्यानं उघड्या शाफ्टवर बसवलं. असंच ना?"

मी पेशकाराकडं पाहिलं. तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी म्हटलं, "मशीन शेठचं होतं."

मग ह्यांना उभं केलं. वाटेत मी ह्यांना काही विचारलं नव्हतं आणि ह्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. जाळी होती, एवढं ते म्हणाले असते तर माझा शब्द एकटा पडला असता. त्यांनी फेटा नीट केला आणि म्हणाले, "ती खरं बोलली. जाळी न्हवती."

निकाल देणारे मुन्सिफसाहेब वयस्कर होते. आवाज चढवला नाही त्यांनी. इकरारनामा पुढं करून विचारलं, "यह दस्तखत तुम्हारे हैं?"

"जी."

"पढ़ के किए थे?"

"जी, पढ़ के."

"जाळी काढली तेव्हा तुम्ही बायांना उठवलं का नाही?" हे त्यांनी मराठीत विचारलं.

"साहेब, मशीन शेठचं होतं. मला हात लावाय मनाई होती."

"पण माणसं तुमची होती ना?"

वकीलसाहेब कागद आवरायला लागले होते. शेवटी हे म्हणाले, "व्हय. मानसं माझी होती."

निकाल लागला तो असा की अपघात कामावर झाला, जाळी नव्हती, बाईची चूक नाही, आणि भरपाई गुत्तेदारानं द्यायची, हप्त्यानं. इकरारनाम्यावर बोट ठेवून शेठवरचा दावा काढून टाकला. बाहेर आल्यावर शेठ ह्यांच्या जवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मिस्त्री, मला लय वाईट वाटायलंय." मला वाटतं ते खरंच होतं. त्याच आठवड्यात त्यानं गुत्ता मोडला आणि घर खाली करायला सांगितलं, कारण घरं जिनाची होती.

ह्यांनी आपली हत्यारं विकली. सासऱ्यांनी पै पै करून घेऊन दिलेले पाने, कानशी, हातोडे. दुसऱ्या जिनांत विचारलं तर कुणी ठेवून घेईना. मालकाविरुद्ध अदालतीत बोललेला माणूस म्हणून नाव झालं होतं. पूर्णेला रेल्वेच्या लोको शेडमध्ये इंजिनं पुसायचं काम मिळालं. चालतं इंजिन कानानं ओळखणारा माणूस हातात चिंध्या घेऊन राख पुसायला लागला. मी तिथं एका मास्तरांच्या घरी धुणंभांडी धरली. वडील गावात पोथी वाचायचे, त्यांच्याकडून मला अक्षरं आली होती. त्या मास्तरांनी मला पुढं वाचायला लावलं, आणि पुष्कळ वर्षांनी, राज्य बदलल्यावर, मी मुलींच्या शाळेत लागले. पण तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला आमच्याकडं परभणीहून प्रेसमधला एक माणूस आला. ह्यांच्या हाताखाली शिकलेला. शेठनं त्याला गुत्ता देऊ केला होता.

"काय करू मिस्त्री?" त्यानं विचारलं.

"नको घेऊ," हे म्हणाले.

तो म्हणाला, "सही केली म्या. सोमवारी."

"मंग मला कामून इचारायलास?"

"असंच. जाळी तेवढी बसवून घ्यावी म्हनतो आधी."

तो भाकरी खाऊन गेला. तो गेल्यावर हे मला म्हणाले, "म्या दोनदा बसवली. तिसऱ्यांदा बसवली असती तर काय, कामावरून काढलं असतं. येवढंच ना." अपघाताबद्दल ते स्वतःहून बोलले ते तेवढंच. माझ्या साक्षीबद्दल कधीच नाही, ना रागानं, ना मायेनं. पण त्यानंतर आमच्यात मोकळं हसणं राहिलं नाही. एका घरात दोन पाहुणे राहावेत तसे आम्ही काही वर्षं राहिलो.

पिंगळीवालीला तिच्या नवऱ्यानं माहेरी पाठवलं आणि दुसरी केली. हप्ता मात्र तो आपल्या हाती द्या म्हणायला लागला. मी ऐकलं नाही. पूर्णेहून परभणीकडं जाणारी गाडी पिंगळीला थांबते. मी पैसे घेऊन तिथं उतरायची आणि ती भावाबरोबर स्टेशनावर यायची. भावजयीच्या घरात ती ढोरं आणि त्यांची सरकी बघायची. डाव्या हातानं शेण काढायला शिकली होती. पैसे ती माझ्या हातून घ्यायची, पण घेताना दुसरीकडं बघायची.

"तुमचं कसं चाललंय?" एकदा तिनं विचारलं.

"चाललंय."

"मला तुमचं घर खाऊन जगायचं न्हवतं," ती म्हणाली. "शेठचं खायाचं होतं."

परतीची गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर बसायचो. पहिल्यासारखं तिचं बोलणं राहिलं नव्हतं. पण एकमेकींजवळ बसायला दुसरी कुणी नव्हती, तिला किंवा मला.

रझाकारांच्या धामधुमीचं वर्ष आलं. गाड्यांचा नेम राहिला नाही, लोक गावं सोडून पळत होते, कचेऱ्या नावाला उघड्या. शेठ आपलं बिऱ्हाड घेऊन निजामाच्या सरहद्दीपलीकडं निघून गेला, अशी बातमी आली. त्या वेळी हप्ता नाही दिला असता तर विचारायला कुणी आलं नसतं. ह्यांनी एकही चुकवला नाही. पावसाळ्यात एकदा मी पिंगळीला उतरले तर तिचा भाऊ एकटाच आला होता. ती तापानं गेली होती. दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही, रस्त्यानं न्यायची भीती.

मी पैसे त्याच्यापुढं केले. तो म्हणाला, "वकिलाला इचारलं म्या. म्हनतो, आता वारस तिचा नवरा. उरलेलं त्याला जाईल."

मी पैसे परत आणले आणि ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ हात धूत राहिले, काळं निघेना. मग म्हणाले, "कायदा तसाच असंल तर देऊन टाकू."

राज्य गेलं, लष्कर आलं, लोकांनी पेढे वाटले. आमचे थोडे हप्ते बाकी होते. शेवटचा द्यायला आम्ही दोघं परभणीला गेलो. जिनाच्या बाजूच्या त्याच गल्लीत, त्याच दारात तो हमाल, पिंगळीवालीचा नवरा, राहत होता. आमच्या जुन्या घरात दुसरं कुणीतरी होतं. त्याची दुसरी बायको बाहेर आली, मांडीवर लेकरू. तिनं आम्हाला पाणी दिलं. कोण, काय, तिला काही माहीत नसावं. हमालानं पैसे घेतले, कमरेला लावले आणि म्हणाला, "मिस्त्री, मिटलं आता." ह्यांनी मान हलवली. पलीकडं जिन चालू होता. आम्ही पाणी प्यालो, तांब्या खाली ठेवला आणि गाडीची वेळ झाली होती म्हणून निघालो.